तेलाची पत्रे धाडणाऱ्या गनिमाचा मोड

राजमान्य राजश्री कुंडलिकराव, मुक्काम लोणी, तालुके आंबेगाव, यांस जुन्नराहून बाळमित्र सावळेराम याचे निवेदन ऐसे की, आपला खलिता पोष्टाने पावला. मजकूर की, "सावळ्या, रोज मोबाइलवर तुजं पत्र यायचं, टकलावर केस उगवायच्या तेलाचं. नातू वाचून दावायचा. तेल नगं रं मला, पण इतक्या वर्सांनी माजं टक्कल तुला आठवलं, लई बरं वाटलं. आता पत्र बंद झालं. आजारी हायेस का?" त्याचे उत्तर आम्हांकडून गेले नाही. खरे सांगावे तर आपला आनंद जातो, आणि न सांगावे तर लबाडी होते, या पेचात दिवस गेले. आता धीर करून साद्यंत हकिकत लिहितो.

आम्हांस जुन्या कागदांचा शौक. मोडी लिपी आपोआप वाचून दाखवितो ऐसा एक फुकट प्रोग्राम नेटवर नजरेस पडला, आणि आम्ही कोणास न पुसता त्यास संगणकात घेतले. त्याच्या पोटात गनीम होता. त्याने आमच्या ईमेलातील समस्त पत्ते काबीज केले, आणि मग आमच्या नावे तेलाची पत्रे दाही दिशांस रवाना केली. ज्या सोयऱ्याधायऱ्यांस संकोचाने आम्ही दिवाळीलाही दोन ओळी लिहिल्या नव्हत्या, त्यांस गनीम रोज लिहू लागला. अखेर ईमेल कंपनीचे फर्मान सुटले की, या खात्यातून उपद्रव होतो, सबब खाते बंद.

संगणकापाशी कोणी नसता राउटरचा दिवा अखंड लुकलुकतो, हे प्रथम आमचे कुटुंब साळुबाईसाहेब यांनी हेरिले आणि हुकूम केला की, "आवं, बघत काय बसलाय? आदी ती वायर उपटा!" वायर उपटली, गनिमाची रसद तुटली. मग आम्ही शौर्य करून पडद्यावरील त्या मोडी प्रोग्रामाचे चित्र पुसिले, आणि फत्ते झाली ऐसे समजून चहा घेतला. वायर जोडून संगणक पुन्हा सुरू करताच दिवा पुन्हा लुकलुकू लागला, गनीम जैसा होता तैसा उभा; वायर पुन्हा उपटली.

तेव्हा कॉम्प्युटर क्लासचे जालिंदरराव यांस पाचारण केले. ते मोटारसायकलीवर स्वार होऊन दाखल झाले आणि बोलले, "काका, चित्र पुसून काय व्हतंय? ती नुसती दारावरची पाटी हाय राव, बिऱ्हाड आतच हाय." मग पेनड्राइव्हमधून अँटिव्हायरसची फौज उतरविली आणि कानाकोपरा धुंडाळिला. संगणकाबरोबर आपोआप उठणाऱ्या प्रोग्रामांत गनीम प्रिंटरचे नाव धारण करून बसला होता. आमचे घरी प्रिंटर नाही. तेथेच ओळख पटली. त्यास मुळासकट काढिले, मोडीवाचकही काढिला, आणि मग जालिंदररावांच्या मोबाइलवरून ईमेलचा पासवर्ड, जो साळुबाईसाहेबांचे नाव होता, तो बदलिला. बाईसाहेब म्हणाल्या, "म्हंजी माज्याच नावानं चोर हिंडत व्हता व्हय?"

वायर जोडली. दिवा शांत. कंपनीने खाते खुले केले. पत्रे थांबली, समस्त सोयऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकिला. एकट्या लोणीहून विचारणा आली.

सबब, तेलाची पत्रे गनिमाची, हे कबूल. परंतु बेल्ह्याच्या बैलबाजारात वाऱ्याने आपली टोपी उडाली, आणि टोपी धरायची सोडून आपण दोन्ही हात टकलावर ठेविले, हे गनिमास ठाऊक नव्हते. ते आम्हांस ठाऊक, आणि ते आम्ही कधी विसरलो नाही. प्रकृती ठीक आहे. आपली कशी, ते कळवावे.

ही ओळ पोष्टाच्या पेटीवर कागद ठेवून लिहिली. शेजारी बाईसाहेब उभ्या, त्यांचा हुकूम की, "टाका आता, बास झालं लिव्हणं!" हुकमाची तामिली करितो. पत्र पेटीत टाकितो. मोहीम फत्ते.