सम्राटाचं नाक

निशिगंधा सायकल काढून हेगला गेली, राजानंद वरच्या खोलीत लॅपटॉपपुढे बसला आणि मागच्या अंगणातल्या शेडला कुलूप लावायचं राहून गेलं. राधाबाई घरात असताना कुलूप राहून जाणं म्हणजे काय, हे पोटचा मुलगा म्हणून राजानंदला तरी कळायला हवं होतं. पण त्याची ऑफिसची मीटिंग सुरू झाली होती आणि मीटिंगमध्ये माणसाला स्वतःचं नाव आठवलं तरी पुष्कळ.

मीटिंग संपल्यावर तो पाणी प्यायला खाली आला. मागचं दार उघडं होतं. बाहेर जूनचं छान ऊन पडलं होतं आणि अंगणात आंघोळीचे टॉवेल अंथरून राधाबाईंनी त्यांवर रोमन साम्राज्याची सगळी नाणी वाळत घातली होती. पापड घालावेत तशी, ओळीने. ती इतकी लखलखत होती की राजानंदला डोळे बारीक करावे लागले.

"आई, हे काय केलंस?"

"घासली," राधाबाई हात पुसत म्हणाल्या. "काळीकुट्ट झाली होती रे. एवढ्या मेहनतीने केलीत पोरीने, आणि अशी पाठवणार? चिंच-मीठ लावलं, बघ कशी निघाली!"

राजानंदने घड्याळात पाहिलं.

राधाबाई पुण्याच्या एका सरकारी रुग्णालयातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. जानेवारीत त्या फोरबर्ग ह्या डच गावी मुलाकडे जरा हवापालटाला आल्या आणि मार्चमध्ये विमानं बंद झाल्यामुळे इथेच अडकल्या. अडकल्या म्हणजे स्वस्थ बसल्या असं मात्र नव्हे. कोरोना आल्यापासून त्यांच्या अंगात पुन्हा वॉर्ड संचारला होता. दुधाचे खोके, केळी, पोस्टाने आलेलं पार्सल, सगळं साबणाची आंघोळ करूनच घरात येई. बुद्धपौर्णिमेला हॉलमधली पितळी बुद्धमूर्ती त्यांनी चिंचेने अशी घासली होती की झूमवर वंदनेला बसलेल्या अ‍ॅमस्टरडॅमच्या मंडळींनी "नवीन घेतली का हो?" म्हणून विचारलं. तेव्हाच खरं तर सावध व्हायला हवं होतं.

नाणी होती सिनेमाची. फोरबर्गच्या जमिनीखाली एक अख्खं रोमन गाव झोपलेलं आहे आणि त्या काळावरचा सिनेमा तिथेच जवळपास उभा राहत होता. त्यातली नाणी घडवायचं काम निशिगंधाला मिळालं होतं. पुण्यात दागिन्यांचं डिझाइन शिकलेली ही मुलगी लग्नानंतर इथे आली, ती कागदोपत्री 'नवऱ्यासोबत आलेली' एवढीच ओळख घेऊन. नंतर तिने धंद्याची रीतसर नोंदणी केली आणि बाजारात कानातली विकली. तिथेच सिनेमाच्या सामानाचं खातं सांभाळणाऱ्या फेमकेने तिचं काम हेरलं. हे तिचं पहिलं मोठं काम. सिनेमाच्या शेवटी पडद्यावर नावं सरकतात त्यांत तिचं नाव येणार होतं, स्वतःचं, कुणाच्या सोबतीने नव्हे.

आणि काम केलंही होतं कसं! सिनेमात प्लास्टिकची नाणी सर्रास चालतात. ती कॅमेऱ्याला फसवतात, पण टेबलावर आपटली की शर्टाच्या बटणासारखी वाजतात. निशिगंधाने हट्टाने पितळ घेतलं. पोलादाचा ठसा स्वतः कोरला आणि एकेक नाणं हातोड्याने पाडलं. कुठे चेहरा जरा कडेला सरकवला, कुठे काठाला चीर ठेवली, कारण त्या काळच्या टांकसाळीत काही यंत्र नव्हतं. मग व्हिनेगर, काजळी, मेण असं काय काय लावून तिने ती मळवली. हे नाणं कसायाच्या गल्ल्यातून सैनिकाच्या कमरेला आणि तिथून दारूच्या गुत्त्यात फिरून आलंय, अशी शपथ कोणीही घेतली असती. राजानंद दोन मीटिंगांच्या मधे शेडमध्ये जाऊन एखादं नाणं नुसतं हातात धरून उभा राही. आपली बायको थोर आहे, असं त्याला मनापासून वाटे आणि तो ते बोलूनही दाखवी.

तो सगळा मळ आता मोरीतून वाहून गेला होता. आणि फेमके दुपारी चारला नाणी न्यायला येणार होती.

निशिगंधा नाण्यांसाठी चामड्याच्या पिशव्या घेऊन परतली. तिने टॉवेलांकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे.

"छान निघालीत ना?" राधाबाईंनी विचारलं.

"छान निघालीत, आई," निशिगंधा म्हणाली आणि शेडमध्ये जाऊन स्टुलावर मटकन बसली. मागोमाग राजानंद गेला. त्याच्या हातात एक नाणं होतं. इतके दिवस काजळीखाली जे दिसलं नव्हतं ते आता त्याला स्पष्ट दिसत होतं.

"निशी," तो कुजबुजला, "ही आई आहे."

"हळू बोल."

"डोक्यावर पानांचा मुकुट आहे, पण खाली आई आहे! हे नाक मी लहानपणापासून बघतोय. ह्या नाकाकडे बघून मी पाढे म्हटलेत!"

"मग काय करणार होते?" निशिगंधा रडकुंडीला आली. "सिनेमावाल्यांनी सम्राट होणाऱ्या हीरोचे फोटो पाठवले ते सगळे समोरून. नाण्यावर चेहरा लागतो बाजूने. तो अडकलाय लंडनला, सगळं बंद, नवीन फोटो कोण काढणार? आई रोज माझ्यासमोर खिडकीपाशी बसून भाजी निवडतात. उजेड असा सुरेख पडतो. मी म्हटलं, थोडी मदत घेऊ. मग हनुवटी घेतली, मग मान घेतली, आणि मग…"

"सगळीच आई घेतलीस."

"सम्राट वाटायला नको? तुझं नाक घेतलं असतं तर कोणी कर भरला असता का?"

नमुना पाठवला तेव्हा काळवंडलेला चेहरा कोणाचाही वाटत होता आणि तो लगेच पसंतही झाला होता. आता मात्र रोमचा सम्राट पुण्याच्या निवृत्त मेट्रनसारखा दिसतो हे आंधळ्यालाही कळलं असतं. फेमकेला कळलं तर काम गेलं. आईला कळलं तर काय होईल ह्याचा विचार करायचीही दोघांची छाती नव्हती.

चारच्या आत नाणी पुन्हा काळी करायची ठरली. निशिगंधाची नेहमीची पद्धत रात्रभर भिजवायची, तेवढा वेळ नव्हता. राजानंदने इंटरनेटवर शोधून काढलं की गंधकाने पितळ झटपट काळवंडतं. घरात गंधक कुठलं, तर काळ्या मिठात थोडंफार असतं म्हणे. त्याने आईने पुण्याहून आणलेला काळ्या मिठाचा अख्खा पुडा गरम पाण्याच्या टबात ओतला आणि पहिल्या टॉवेलावरची नाणी त्यात सोडली. नासक्या अंड्यांचा असा काही वास सुटला की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. नाणी मात्र काळी झाली नाहीत. ती जांभळट झाली, त्यांवर तपकिरी डाग पडले आणि सम्राटाला कांजिण्या आल्यासारखं दिसू लागलं.

"माझं काळं मीठ का संपवताय?" राधाबाईंनी दारातून विचारलं.

"प्रयोग आहे आई, तू आत बस," राजानंद म्हणाला. "आणि हे बघ, बाहेरची बाई येणार आहे. मास्क लाव. ती जाईपर्यंत काढू नकोस."

हे त्याला आयत्या वेळी सुचलं होतं. नाक झाकलं की पुरावा झाकला. राधाबाईंना तर मास्कचा सल्ला पटण्यासारखाच होता. त्यांनी तो नीट, डोळ्यांखालपर्यंत चढवला.

डच माणूस ठरल्या वेळेआधी कधी येत नाही, ह्या भरवशावर राजानंदने पुढचा टॉवेल उचलला आणि तेवढ्यात दाराची बेल वाजली. फेमके तासभर आधीच आली होती.

दारात तिची गाठ राधाबाईंशी पडली. राधाबाईंनी तिला बोटाने खूण करून जोडे काढायला लावले, नळापाशी नेऊन कोपरापर्यंत हात धुवायला लावले आणि स्वच्छ नॅपकिन दिला. उंच, धिप्पाड फेमके एक अक्षर न बोलता सगळं करत गेली आणि अंगणात ठेवलेल्या दूरच्या खुर्चीवर शहाण्या मुलीसारखी बसली.

"नाणी…" ती इंग्रजीत म्हणाली.

"नाण्यांचं जरा काम बाकी आहे," निशिगंधा घाईने म्हणाली. फेमकेचं लक्ष तिच्याकडे नव्हतंच. ती उठली आणि टॉवेलावरचं एक नाणं उचलून उन्हात धरलं. पुष्कळ वेळ पाहिलं. तेवढ्यात राधाबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या, तो टेबलावर ठेवला, स्वतःचा कप घेऊन पाहुणीपासून लांब, अंगणातच खिडकीपाशी बसल्या आणि चहा प्यायला म्हणून त्यांनी मास्क खाली केला.

"आई, मास्क!" राजानंद ओरडला.

"चहा काय मास्कमधून पिऊ?" राधाबाईंनी मान वळवली. खिडकीपाशी उजेड सुरेख पडला होता.

फेमकेने नाण्याकडे पाहिलं. राधाबाईंकडे पाहिलं. पुन्हा नाण्याकडे पाहिलं.

"मी सांगते," निशिगंधा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. मग तिने समोरून काढलेल्या फोटोंपासून काळ्या मिठापर्यंत काहीही न लपवता सगळं सांगून टाकलं. "चूक माझी आहे. नवीन ठसा करून देते. पण वेळ लागेल, आणि तुम्हाला दुसरं कोणी बघायचं असेल तर…"

"सम्राट येत नाहीये," फेमके म्हणाली.

"म्हणजे?"

"नट लंडनहून येऊ शकत नाही. क्वारंटाइन, विमा, शंभर भानगडी. हे सांगायलाच मी लवकर आले. दिग्दर्शकाने ठरवलंय की सम्राट सिनेमात दाखवायचाच नाही. सगळे त्याला फक्त घाबरतील. तो दिसेल एकदाच, नाण्यावर, पडदाभर. काळी नाणी म्हणूनच चालणार नाहीत, चेहरा दिसला पाहिजे. मी तर तुला हेच विचारायला आले होते की ही पुन्हा चकचकीत करता येतील का आणि चेहरा जरा जास्त जरबेचा करता येईल का." तिने धुऊन लालबुंद झालेल्या स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "ह्याहून जास्त जरबेचा नको. दुसरं कोणी मी कशाला बघू? इतकं जिवंत नाणं मी कुठल्याच सिनेमात पाहिलं नाही."

निशिगंधा हसायला लागली आणि हसता हसता रडलीही. राजानंदला तिला उचलून घ्यावंसं वाटलं, पण आईसमोर ते बरं दिसलं नसतं. शिवाय आता खरी अवघड गोष्ट पुढेच होती.

"आई," निशिगंधा राधाबाईंसमोर जाऊन बसली. "रागवू नका. तुम्हाला न विचारता मी…"

"मला काय सांगतेस," राधाबाई कप खाली ठेवत म्हणाल्या. "पहिलंच घासलं तेव्हा कळलं मला."

राजानंद खुर्ची ओढून जवळ आला.

"फक्त तो चेहरा मला माझा नाही वाटला. माझ्या आईचा वाटला. हे नाक तिचं गं. दुसऱ्यांच्या शेतात राबली जन्मभर, तिचा फोटो कोण काढणार? मी नोकरीला लागले तोवर गेलीच. पुढे चेहराही नीट आठवेना. ते चिंचेचं बोट फिरवलं आणि ती एकदम बाहेर आली. मग माझा हात थांबेना. वाटलं, ह्या सगळ्यांत आहे का बघू. सगळ्यांत होती."

राजानंदने ही आजी कधी पाहिली नव्हती. त्याने एक नाणं उचललं आणि ते पहिल्यांदाच पाहावं तसं पाहिलं.

"त्या बाईला विचार," राधाबाई म्हणाल्या, "एक मी ठेवून घेतलं तर चालेल का."

राजानंदने अडखळत सगळं सांगितलं. आजीचंही सांगितलं. फेमके ऐकत राहिली आणि मग उठून राधाबाईंपुढे जराशी वाकली.

"त्यांना सांग," ती म्हणाली, "साम्राज्य त्यांचंच आहे."

राधाबाईंनी सावकाश पाहून, सगळ्यांत नीट उमटलेलं नाणं निवडलं आणि रुमालात बांधून कमरेला खोचलं. मग त्या उठल्या आणि टबातल्या कांजिण्या आलेल्या नाण्यांकडे वळल्या.

"काय दशा केलीये माझ्या आईची," त्या राजानंदला म्हणाल्या. "बाह्या सार. चिंच कुठे आहे माहितीये ना?"