नुसता हात

सकाळी साडेअकरा वाजता विमा कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या टॉयलेटमध्ये सुरक्षा अधिकारी पँट सावरत उभे राहिले आणि त्यांच्या पाठीमागे फ्लश आपोआप सुटला.

एवढंच झालं. दुसऱ्या कुणाच्या मागे असा फ्लश सुटला असता तर त्यानं पट्टा लावला असता, हात धुतले असते आणि चहाला गेला असता. पण सुरक्षा अधिकाऱ्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. दाराची कडी अजून लागलेली होती, पट्टा सुटलेला होता, आणि फ्लशचा आवाज फार तर वीस सेकंद टिकणार होता.

या गृहस्थांना सगळी कचेरी मागून ‘सावधान’ म्हणायची. चारही मजल्यांवर त्यांनी स्वतः फलक लावले होते : ‘घाबरू नका. धावू नका. रांगेत बाहेर पडा.’ एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कुणी भराभर चालतानाही पाहिलं नव्हतं. पण त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. पाइपात एक हात राहतो.

ही माहिती त्यांना वयाच्या सहाव्या वर्षी ताईकडून मिळाली होती. ताई तेव्हा दहा वर्षांची होती आणि तिला सगळंच माहीत असायचं.

“फ्लशचा आवाज असतो ना, तोवर तो पाण्याबरोबर खाली गेलेला असतो,” ताईनं सांगितलं होतं. “आवाज थांबला की वर येतो. समोर कुणी असलं की त्याचा पाय धरतो.”

“कुणाचा हात?”

“कुणाचा नाही. नुसता हात.”

कुणाचा तरी असता तर त्याच्याशी बोलता आलं असतं, गयावया करता आली असती. नुसत्या हातापुढे काय करणार? “कुठपर्यंत येतो?” एवढंच त्यांनी विचारलं होतं. ताईनं जरा विचार करून “जिन्यापर्यंत” असं सांगितलं होतं.

वय वाढलं तशी त्यांनी यावर एक पद्धत बसवली. आधी कपडे नीट करायचे, मग कडी काढायची, दार उघडायचं, एक पाय बाहेर ठेवायचा, मागे हात लांबवून फ्लशचं बटण दाबायचं आणि कुणाच्या नजरेत येणार नाही अशा चालीनं जिना गाठायचा. बेचाळीस वर्षांत या पद्धतीनं कधी दगा दिला नव्हता. पण रविवारी कंपनीनं सगळीकडे नवे फ्लश बसवले होते. माणूस उठला की ते आपले आपण सुटायचे. ती सूचना सगळ्या खात्यांना पाठवण्याचं काम सुरक्षा खात्याचंच होतं. सावधान साहेबांनी ती न वाचता पुढे पाठवली होती.

त्यात तो दिवसही भलताच होता. दुपारी बाराला आगीची कवायत होती. इमारत चार मिनिटांत रिकामी व्हायला हवी होती. पहिल्या कवायतीला बावीस मिनिटं लागली होती आणि दुसऱ्या वेळी पंचवीस, कारण निम्मे लोक छत्री न्यायला परत वर गेले होते. टपाल विभागातल्या बाईंनी तर खुर्चीतून न उठताच सांगितलं होतं, “खरी लागली की कळवा, साहेब. लगेच येते.” आता तिसरी आणि शेवटची संधी होती. बाहेरून आलेले तपासनीस खाली बसून चहा घेत होते. आज जमलं नाही तर साहेबांची बदली गावाबाहेरच्या जुन्या कागदांच्या गोदामावर होणार होती. तिथे एक पहारेकरी आणि बरेचसे उंदीर होते, आणि ज्याची कवायत घ्यावी असं त्यांतलं कुणीच नव्हतं.

पण त्या क्षणी साहेबांना ना बदली आठवली ना तपासनीस. आवाज बारीक होत चालला होता. कडी घट्ट बसली होती. दोनदा ओढून ती हलेना, तेव्हा त्यांनी खांद्यानं दाराला धडक दिली, कडी तुटली, आणि सुरक्षा अधिकारी एका हातात पँट धरून जिन्याच्या दिशेनं सुसाट सुटले.

टपालवाल्या बाईंनी मान वर केली. पट्टा लोंबतोय, चेहरा पांढराफटक पडलाय, असे साहेब त्यांच्या टेबलासमोरून गेले.

“अगं बाई,” त्या उठत म्हणाल्या. “सावधान धावतोय. म्हणजे खरीच लागली.”

हे एक वाक्य पुरलं. बाईंच्या मागे सगळा टपाल विभाग निघाला, त्याच्यामागे अख्खा मजला. कुणीतरी काच फोडून भोंगा वाजवला. जिन्यापाशी पोचल्यावर साहेबांना थांबायचं होतं, कारण हाताची हद्द तिथे संपत होती. पण मागून शंभर माणसं आली आणि त्यांनी साहेबांना तीन मजले खाली नेऊन अंगणात सोडलं. कंपनीचे मोठे साहेब हातात चहाचा कप तसाच धरून उतरले. छत्री कुणीही आणली नव्हती.

साहेब भिंतीकडे तोंड करून पट्टा लावत होते, तेवढ्यात तपासनीस जवळ आले. भोंगा ऐकताच सवयीनं त्यांनी घड्याळ सुरू केलं होतं.

“दोन मिनिटं चाळीस सेकंद,” ते म्हणाले. “बाराची वेळ देऊन साडेअकराला घेतलीत. वर स्वतः जीव खाऊन धावलात, कपड्यांचीही पर्वा केली नाहीत. एवढी तळमळ मी कुठे पाहिली नाही.”

साहेबांनी तोंड उघडलं, मोठ्या साहेबांच्या प्रसन्न चेहऱ्याकडे पाहिलं आणि मिटलं. महिन्याभरानं इतर शाखांचे अधिकारी ही पद्धत बघायला येतील असं तिथेच ठरलं. पद्धत पसंत पडली तर साहेब सर्व शाखांचे मुख्य सुरक्षा अधिकारी होणार होते.

संध्याकाळी ते थेट ताईकडे गेले. ताई आता एका शाळेची मुख्याध्यापिका होती आणि नेहमीसारखी खुर्चीवर मांडी घालून बसली होती. शाळेतही ती तशीच बसायची. पाठीच्या दुखण्यामुळे, असं सगळे समजत.

“ताई, तो पाइपातला हात. त्याबद्दल तुला कुणी सांगितलं होतं?”

ताईला आधी काही आठवेना. मग आठवलं आणि ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. “अरे, तू आत जाऊन बसलास की अर्धा अर्धा तास बाहेर यायचा नाहीस. घरात संडास एकच. मला रोज शाळेत उशीर व्हायचा, बाई अंगठे धरून उभं करायच्या. मग दिलं काहीतरी ठोकून. दुसऱ्या दिवसापासून तू मिनिटात बाहेर.”

“बेचाळीस वर्षं झाली त्याला.”

“मग मला काय माहीत तू अजून धरून बसलायस? मला वाटलं, चार दिवसांत विसरशील.”

साहेब रागानं चहा न घेताच निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ऑफिसच्या टॉयलेटमध्ये गेले, उठले, आणि फ्लशकडे तोंड करून उभे राहिले. आवाज सुरू झाला, बारीक झाला, थांबला. काही आलं नाही. खात्री म्हणून ते आणखी पाच मिनिटं थांबले. मोकळं वाटायला हवं होतं, पण त्यांना चक्क एकटं वाटलं. रोजचं कुणीतरी न सांगता निघून गेलं होतं.

महिन्यानं पाहुणे आले. साहेबांनी सगळं बरहुकूम केलं. फ्लश झाला, दार आपटलं, पट्टा लोंबत ठेवला, आणि ते टपाल विभागावरून धावत गेले. बाई चहा पीत होत्या.

“साहेब, पट्टा मुद्दाम सोडलाय ना?” त्यांनी विचारलं. “आज मनापासून धावला नाहीत हो तुम्ही.”

एकवीस मिनिटं लागली. छत्र्या सगळ्यांनी घेतल्या. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मोठ्या साहेबांनी साहेबांना बाजूला घेतलं. “पाहुणे उद्या दुपारपर्यंत आहेत. अकराला पुन्हा घ्या. नाही जमलं तर परवापासून गोदाम.”

त्या रात्री साहेबांनी घाबरायचा मनापासून प्रयत्न केला. उंदीर आठवले, गोदाम आठवलं. काळजी वाटली, पण पाय काही हलेनात. दुसऱ्या दिवशी अकराला दहा मिनिटं असताना त्यांनी टेबलाशी बसून राग गिळला आणि ताईला फोन लावला.

“ताई, लहानपणी मला घाबरवायला आणखी काही सांगायचं मनात होतं का? सांगायचं राहिलेलं?”

“कामाच्या वेळी हे काय काढलंस?”

“माझी नोकरी अडकलीय. काहीही चालेल. तू ठोकून दे.”

“थांब जरा,” ताई म्हणाली. मग तिनं उठून दार लावल्याचा आवाज आला. ती परत येऊन बसली आणि हळू आवाजात म्हणाली, “एक आहे. पण ते मी ठोकून दिलेलं नाही. म्हणून तर तुला सांगितलं नाही. लहान होतास तू.”

साहेबांनी फोन कानाशी घट्ट धरला.

“तू आत्ता खुर्चीवर बसलायस?” ताईनं विचारलं.

“हो.”

“टेबलाशी?”

“हो.”

“पाय खाली सोडलेत?”

साहेबांना एकदम ताईची ती मांडी आठवली. घरातली, शाळेतली, लग्नाच्या पंगतीतली, बेचाळीस वर्षांची. त्यांनी टेबलाखाली पाहिलं नाही.

इमारत दोन मिनिटं पाच सेकंदांत रिकामी झाली. अंगणात टपालवाल्या बाई धापा टाकत साहेबांजवळ आल्या. साहेबांच्या एका पायात बूट नव्हता.

“आज मात्र,” बाई म्हणाल्या, “मनापासून धावलात.”