बोटभर झालर

कारखानीस काका सत्तरी ओलांडल्यावर मॉडेल झाले आणि ही बातमी ते कुणालाही आपणहून सांगतात. रिक्षावाल्याला, बँकेतल्या मुलीला, रक्तदाब तपासणाऱ्या डॉक्टरांनासुद्धा. "मी मॉडेल आहे," एवढंच म्हणतात आणि गंभीर चेहऱ्याने गप्प उभे राहतात. पुढचा खुलासा सोबतच्या माणसाने करायचा. काका माझ्याच सोसायटीतले, त्यामुळे तो बहुतेक वेळा मलाच करावा लागतो.

कल्याणला माझं सलून आहे. सोमवारी ते गिऱ्हाइकांसाठी बंद असतं आणि त्या दिवशी तिथे माझा केस कापायला शिकवण्याचा क्लास भरतो. शिकणाऱ्या मुलींकडे परवाना नसतो, म्हणून परीक्षा घेणाऱ्या संस्थेने त्यांना सवलत देताना अटी घातल्या आहेत. शिकाऊने पैसे घ्यायचे नाहीत, वस्तऱ्याला हात लावायचा नाही, शिकवणारीने शेजारी उभं राहायचं आणि ज्याचं डोकं आहे त्याची तयारी हवी. आमचं घोडं अडतं ते या शेवटच्या अटीपाशी. फुकट झालं तरी प्रत्येकाला आपले कान प्यारे असतात. तरीही जो डोकं द्यायला येतो त्याला आमच्या धंद्यात मॉडेल म्हणतात.

काका दर सोमवारी येत. डोक्यावर मधोमध लख्ख मैदान आणि कडेने पांढऱ्या केसांची झालर. ती झालर आठवड्यात वाढून वाढणार किती? पण काका आधी भिंतीवरची नियमांची पाटी खड्या आवाजात वाचत, "ठीक" म्हणत आणि मगच खुर्चीत बसत. एकदा मी म्हटलं की या मुली दीड-दीड तास घेतात, त्यापेक्षा मीच दहा मिनिटांत उरकते. काका चक्क दुखावले.

"तुम्ही पास झालेल्या. मला शिकाऊ हात लागतो."

मुलगी पास झाली की तिचाही हात वर्ज्य. तिचा पेढा खायचा, तिला तोंडभर आशीर्वाद द्यायचा आणि पुढच्या सोमवारी नवी मुलगी मागायची. मला हा शुद्ध चक्रमपणा वाटायचा आणि मी तो चारचौघांत रंगवून सांगायचेही.

मग सोनाली आली. विठ्ठलवाडीची, हुशार, पण भित्री. एका मॉडेलच्या कानाला तिची कात्री लागली, रक्त आलं आणि तेव्हापासून कुणाच्याही डोक्यापाशी तिचा हात थरथरायला लागला. परीक्षेत एकदा नापास झाली. पुन्हा झाली तर घरचे क्लास बंद करून तिच्यासाठी स्थळं बघणार होते. तिचा हात स्थिर राहायचा तो फक्त काकांच्या डोक्यावर. काका डोळे मिटून "हात बसू दे, घाई नाही" असं पुटपुटत राहायचे आणि तिची कात्री मुकाट चालायची.

"मॅडम, काका मॉडेल असतील तरच मी बसते परीक्षेला," ती म्हणाली.

पण परीक्षेचा नियम वेगळा होता. मॉडेलला कडेने आणि मागे निदान बोटभर केस हवेत. मी संस्थेत फोन लावून वरच्या मैदानाबद्दल विचारलं. मैदान चालेल, झालर मात्र बोटभर हवीच, असं उत्तर आलं. म्हणजे काकांनी दोन-तीन महिने कात्री लावून घ्यायची नाही. मला वाटलं, यात काय मोठंसं? काका मात्र बराच वेळ पाटीकडे बघत बसले.

"म्हणजे सोमवारी यायचंच नाही?"

उगाच खेपा कशाला घालता, घरी आराम करा, असं मी सांगून टाकलं. त्यांनी सोनालीकडे पाहिलं आणि "ठीक" म्हणाले.

झालर वाढली, कानांवर आली. सोसायटीत कुणी नवस आहे का विचारलं, कुणी सुतक आहे का याची हळूच माझ्याकडे चौकशी करून गेलं. भाजीबाजारात भेटले की काका भर गर्दीत पाठमोरे होऊन मला दाखवायचे, "बघा, वाढतायत."

परीक्षा जवळ आली तेव्हा केस पुरेत का ते बघायला मी कंगवा घेऊन त्यांच्या घरी गेले. मानेपासून वर कंगवा घातला, दुसऱ्या हाताने डोकं धरलं, बोट लावून पाहिलं. भरपूर झालेत, असं मी म्हणाले आणि हात काढला. काकांनी डोळे मिटले होते, ते तसेच राहिले.

"ही गेल्यापासून डोक्याला हात लावतंय कोण? मुलगा तिकडे ठाण्यात, घोडबंदर रोडला. येतो बिचारा, पाया पडतो, ट्रॅफिक वाढायच्या आत निघतो. तुमच्या मुली दीड तास घेतात हो."

हात भरभर कसा चालवायचा हेच मी आजवर शिकवत आले होते. घरी येऊन मी खूप रडले.

परीक्षेत मॉडेलने बोलायचं नसतं. सोनालीने कात्री उचलली आणि तिचा हात थरथरू लागला. काकांनी डोळे मिटले, ओठ नुसते हलवले. तिने ते आरशात पाहिलं. दिलेल्या वेळेच्या आत झालर कापून झाली आणि ती पास झाली.

काकांनी पेढा खाल्ला, आशीर्वाद दिला. पुढच्या सोमवारी पाटी वाचून त्यांनी नवी मुलगी मागितली, तेव्हा शिकाऊ मुलींचा निळा एप्रन बांधून सोनालीच पुढे आली.

"तू पास झालीस. नियमात बसत नाही," काका म्हणाले.

"सर्टिफिकेट कुठे मिळालंय अजून? तोवर मी शिकाऊच ना, काका?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. आलं नाही अजून, मी म्हणाले. ते माझ्या ड्रॉवरमध्ये होतं. अजूनही तिथेच आहे. सोनाली मागत नाही आणि मी देत नाही. एरवी आठवडाभर ती माझ्याच सलूनमध्ये काम करते, माझ्यापेक्षा भरभर. सोमवारी काकांच्या झालरीला मात्र तिला दीड तास लागतो.