न झालेल्या ताऱ्यांच्या वतीने

बुधवारी सकाळच्या टपालात एका कृष्णविवराचा अर्ज आला. आपली रेडिओ निरीक्षणे वेधशाळेच्या दप्तरातून काढून टाकावीत आणि फक्त क्ष-किरणांतली ठेवावीत, अशी त्यात विनंती होती. अर्जाला आवक क्रमांक पडला आणि दुसऱ्या दिवशी अकराची सुनावणी लागली.

कृष्णविवर वेळेवर आले. त्याला हॉलच्या टोकाला बसवले. शेजारी बसलेल्या टंकलेखिकेचे घड्याळ सुनावणी संपेपर्यंत वीस मिनिटे मागे पडले. तेवढा वेळ तिने कमी काम केले असे धरून प्रशासनाने तो नंतर भरून घेतला.

समोर डॉ. नूतन सरवदे बसल्या होत्या. कृष्णविवर जवळचे सगळे गिळते, पण गिळताना थोडे दोन बाजूंना प्रचंड वेगाने फेकते. या कृष्णविवराचे असे झोत नूतनबाई सतरा वर्षे पाहत होत्या. संचालक डॉ. वाघोलीकर यांनी अर्जदाराला बोलायला सांगितले.

"क्ष-किरणांत, किरण निघाले तेव्हा मी जसं होतं तसं दिसतं," कृष्णविवर म्हणाले. "रेडिओत दिसतं ते त्याच्याही पाच कोटी वर्षं आधी फेकलेलं. त्यावरून मला ओळखावं, हे बरोबर नाही."

"मागणी रास्त वाटते," वाघोलीकर म्हणाले.

नूतनबाईंनी क्ष-किरणांचे चित्र टेबलावर ठेवले. "तुमच्याभोवतीच्या तापलेल्या वायूत या दोन पोकळ्या आहेत. कशाने पडल्या?"

"आधीपासूनच होत्या."

नूतनबाईंनी त्यावर रेडिओचे पारदर्शक चित्र ठेवले. दोन्ही झोत पोकळ्यांत नेमके बसले. "तुम्ही हा वायू ढकलून दिलात आणि तापवत ठेवलात. तो थंड झाला असता तर त्याचे तारे झाले असते. काही अब्ज. एकही झाला नाही. रेडिओचं चित्र काढलं, की पोकळ्या उरतात आणि त्या कुणी पाडल्या ते उरत नाही."

"जे झालेच नाहीत, त्यांच्या वतीने तक्रार कोण करणार?"

"मी."

वाघोलीकरांनी चष्मा काढून पुसला. कृष्णविवर म्हणाले, की अर्ज फेटाळला तर ते क्ष-किरणही बंद करील. हे ऐकून वाघोलीकर अस्वस्थ झाले. उपग्रहावरच्या क्ष-किरण दुर्बिणीचा वेळ तीन वर्षे खेटे घालून मिळाला होता.

"नूतनताई, जरा नमतं घ्या," ते हळू आवाजात म्हणाले.

"बंद करू दे, सर. इथं कळायला सोळा कोटी वर्षं लागतील. तोवर वाटेत असलेले किरण येत राहतील." मग त्या कृष्णविवराकडे वळल्या. "एकदा बाहेर निघालेलं परत आत घेता येत नाही. तुम्हालासुद्धा."

हॉलमधला उजेड थोडा कमी झाला. शिपायाने दिवे लावले.

शेवटी वाघोलीकरांनी निर्णय दिला. ताऱ्यांच्या वतीने बोलायचे तर त्यांचे अधिकारपत्र हवे. ते सोमवारी साडेदहापर्यंत आले नाही, तर रेडिओ निरीक्षणे पुसली जातील. तोवर वेधशाळेची रेडिओ दुर्बीण अर्जदाराच्या दिशेने वळवायची नाही.

नूतनबाई उठल्या त्या थेट नियंत्रण कक्षात गेल्या. तिथे याकूब मुजावर होते. दुर्बिणीच्या तबकड्या फिरवण्याचे काम वीस वर्षे त्यांच्याकडे होते.

"याकूबभाई, मनाई झालीय. तुमच्या नोकरीवर येईल."

"मला कुणी लेखी दिलंय का?" याकूबभाईंनी विचारले आणि तबकड्या वळवल्या.

वाघोलीकर लेखी द्यायला आले तेव्हा दाराला आतून कडी होती. आदेश दाराखालून सरकवला. तो तसाच परत सरकत बाहेर आला. त्यावर नूतनबाईंच्या अक्षरात लिहिले होते : 'वाचले. अमान्य.' खाली त्यांची सही होती आणि तिच्याखाली याकूबभाईंची. निरीक्षण रविवारपर्यंत चालले. डबे याकूबभाईंच्या घरून खिडकीतून येत होते.

सोमवारी दहा वाजता टपाल आले. त्यात सात पोती होती. प्रत्येक पाकिटात एक अधिकारपत्र होते, नूतन सरवदे यांच्या नावाने, रीतसर सही केलेले. जन्मतारखेचा रकाना सगळ्यांनी कोरा ठेवला होता.

वाघोलीकरांनी पहिली वीस-पंचवीस पत्रे तपासली. मग त्यांनी आवक-जावक विभागाला आणखी दोन माणसे दिली, कारण टपालवाल्याने सांगितले होते की उरलेली पोती अजून स्टेशनवरच आहेत.