आंब्र्यांनी विंडोज का काढलं

परशुराम आंब्रे यांनी घरच्या कॉम्प्युटरवरून विंडोज काढून पुन्हा डॉस का घातलं, याची त्यांनी वागळे इस्टेटमधल्या आपल्या ऑफिसात सांगितलेली कारणं फार भारदस्त होती. मेमरी पुरत नाही, मशीन दमतं, माऊसने मनगट दुखतं. (माऊस त्यांनी घेतलाच नव्हता.) खरं कारण एकच होतं आणि ते डोंबिवलीला घरी होतं.

त्यांची बायको कांता घरात वधूवर सूचक केंद्र चालवायची. कॉम्प्युटरही तिचाच. त्यावर पत्रिका जुळवायचा डॉसवरचा प्रोग्रॅम होता आणि मराठी अक्षरं उमटावीत म्हणून आत एक कार्ड बसवलेलं होतं. प्रिंटर कुरकुरत कुंडली छापायचा आणि आसपासची निम्मी लग्नं त्या कागदावर ठरायची. आंब्र्यांना मात्र त्या काळ्या पडद्याची लाज वाटायची. ऑफिसातल्या आनंदने फ्लॉप्या दिल्या आणि कांता दिव्याला माहेरी गेल्याचं बघून त्यांनी शनिवारी विंडोज घालून टाकलं. मराठीच्या कार्डाचं काय करायचं, तेही आनंदने समजावलं होतं. पण आंब्रे तेव्हा 'हो हो, माहितीये' म्हणण्यात गुंतले होते.

रविवारी सकाळी हौसाबाई आणि मालनबाई आल्या. हौसाबाईंच्या तानाजीला मालनबाईंची सगुणा पसंत होती, सगुणालाही तो पसंत होता. पत्रिका जुळल्याचा कागद तेवढा हवा होता. कांता यायला अजून वेळ होता.

"बसा, बसा. मी काढतो की!" आंब्रे म्हणाले. "नवीन सिस्टिम आहे, एकदम फास्ट."

सगुणाचा कागद खरोखरच फास्ट आला. त्यावर ग्रहांच्या जागी वेडेवाकडे कोन, कसलीशी ग्रीक अक्षरं आणि सातव्या घरात एक जाड काळी चौकट. 'मला कळत नाही' एवढं म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण नेमके तेच तीन शब्द आंब्र्यांना येत नव्हते.

"हा... मंगळ दिसतोय," ते म्हणाले.

"मंगळ काळा?"

"रिबन काळी आहे ना. तांबडा कसा छापेल?"

हौसाबाईंनी पदर खोचला. "सातव्या घरात मंगळ! आनि आमाला बोलल्या न्हाईत?"

"कसला मंगळ? आमची पोरगी चोख हाय!" मालनबाई कडाडल्या. "ओ सायेब, आता पोराची काढा!"

पोराची काढली. बाराही घरांत काळी चौकट.

"बगा! ह्याच्या तर घराघरात मंगळ! पोरगी द्यायची का बळी द्यायचा?"

होऊ घातलेल्या विहिणी हमरीतुमरीवर आल्या. शेजारची दारं उघडली. "दोघांनाही मंगळ असला तर उलट चांगलंच असतं," असं आंब्रे सांगत होते (आणि ते बरोबरही होतं), पण ऐकायला कोणी मोकळं नव्हतं. तेवढ्यात कांता दारात उभी राहिली. तिने कागद पाहिले, पडदा पाहिला आणि मग नवऱ्याकडे पाहिलं.

"मशीनला काय केलंत?"

"अपग्रेड."

"मावशी, तुम्ही दोघी बसा. पत्रिकेत काही नाही, दोष आमच्या घरात आहे," कांता म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "अहो, होतं तसं करून द्या. हे लग्न मोडलं तर केंद्राला कुलूप लागेल, आणि स्वयंपाकघरालाही."

आंब्र्यांनी घाम पुसत पुसत डॉस घातलं. मराठी अक्षरं परत आली. सत्तावीस गुण जुळले, मंगळ दोघांनाही नव्हता. मघाशी एकमेकींचं कूळ काढणाऱ्या विहिणी हातात हात घालून पेढे आणायला गेल्या.

आंब्र्यांना हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं की त्यांना नेहमी काहीतरी सुचतं.

"तरी एकदा तपासून बघू," ते म्हणाले. "आपल्या दोघांच्या पत्रिका घाल. आपली तर माझ्या वडिलांनी, अण्णांनी, स्वतः बघितली होती. उत्तम जुळलेली!"

प्रिंटर कुरकुरला. छत्तीसपैकी साडेसात गुण.

"बघ, अजून गडबड आहे!" आंब्रे घाईघाईने फ्लॉप्या शोधू लागले. "थांब, विंडोजच परत घालतो."

कांताने कागदाची नीट घडी घातली.

"हात लावू नका," ती म्हणाली. "आता कुठे बरोबर चालायला लागलंय."