रेणूच्या डाव्या कानाचा निकाल

मिरजेत ज्या कंपनीनं कान टोचले असतील, त्याच कंपनीची गाणी माणसाला ऐकू येतात. बोलणं, भांडण, कुकरची शिट्टी सगळ्यांना सारखी. गाणं तेवढं आपापल्या कंपनीचं.

मृदुलाचं माहेर तानपेटी कंपनीचं, सासर कानोसा कंपनीचं. लग्नात त्यावरून कुणी नाक मुरडलं नाही. पण रेणूच्या बारशाला मृदुला ओट्या भरण्यात अडकली आणि सासूबाईंनी नात उचलून थेट पोतदार सोनारांपुढे धरली. पोतदार कानोसाचे एजंट. टोचणीवर चांदीच्या बाळ्या फुकट. फुकट म्हटलं की आपल्या माणसांना पुढचं काही दिसतच नाही बघा!

दुपारी मृदुलानं तानपेटीतून रीतसर विकत घेतलेली अंगाई म्हटली. रेणू तिच्या हलणाऱ्या ओठांकडे टकामका बघत राहिली. पोटच्या पोरीला आपला सूर पोचत नाही म्हणून मृदुलाला रडू फुटलं. रडणं मात्र रेणूला ऐकू आलं.

"अगं, मग माझी अंगाई म्हण की," सासूबाई म्हणाल्या.

"ती मला ऐकूच येत नाही, आई. म्हणू कशी?"

मृदुलानं स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. आयोगाचे नाडगौडासाहेब जातीनं घरी आले, बॅटरी मारून रेणूचे कान तपासले. कानोसाचे वकील म्हणाले, "गिऱ्हाइकावर आमची सक्ती नाही."

"गिऱ्हाईक बारा दिवसांचं होतं हो!" मृदुला कडाडली.

नाडगौडांनी मान डोलावली. "दोन्ही कान एकाच कंपनीकडे, म्हणजे मक्तेदारीच." डावा कान तानपेटीला द्यावा, असा त्यांनी हुकूम केला. पोतदारांनी कुरकुरत डावी बाळी काढली. तानपेटीच्या सोनारानं आपली घातली.

मृदुला पाळण्याच्या डाव्या बाजूला बसली आणि गाऊ लागली. रेणू तिच्याकडे वळून बोळकं पसरून हसली. मृदुलाला भरून आलं, तरी तिनं सूर सोडला नाही.

सासूबाईंना नुसतेच ओठ हलताना दिसले. पोर जागं, आणि गात कुणीच नाही! त्यांनी उजवीकडून आपली अंगाई सुरू केली. रेणू एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. शेवटी तिनं भोकाड पसरलं.

"झोपत का नाही ही? मी एकटीच तर गातेय," दोघी एकदमच म्हणाल्या.

"निकोप स्पर्धा सुरू झाली," नाडगौडासाहेब समाधानानं म्हणाले. मग चहाचा कप खाली ठेवून त्यांनी दोघींनाही जरा मोठ्यानं गायला सांगितलं.