भेटायला आलेली झाडं

ताईला स्मशानात पोचवून आम्ही घरी आलो, तेव्हा तिच्या परसातली झाडं आमच्याआधी घरात येऊन बसली होती.

मुळांची माती त्यांनी उंबऱ्याबाहेर झाडली होती, आपण चपला काढतो तशी. लिंबू वयाने मोठं, म्हणून भिंतीला टेकून बसलं होतं. त्याच्याजवळ कढीपत्ता, मग वांगी, मिरच्या आणि टोमॅटो ओळीने. दोडक्याच्या वेलाला एकट्याने बसता येत नाही, म्हणून त्याने खुंटी धरली होती. मोगरा ताईच्या पलंगाच्या पायाशी होता. एकही पान हलत नव्हतं. वारा नसला की झाड हलत नाही हे मलाही माहीत आहे, पण हे न हलणं वेगळं होतं. मी दारातच थांबलो.

शेजारच्या बायडामावशीने आत डोकावून पाहिलं. "आली का सगळी? बरं झालं. एवढी हातानं वाढवली तिनं. आली नसती तर पेठेत लोक बोलले असते त्यांना."

भेटायला आलेली माणसं दुपारपर्यंत उठून गेली. अशा घरून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं, म्हणून ती न बोलताच गेली. झाडं मात्र उठली नाहीत. दुसऱ्या दिवशी मिरच्यांनी माना टाकल्या. वांग्याची पानं चिंध्यांसारखी लोंबू लागली.

मी मागावर काम करतो. धागा तुटला की लगेच गाठ मारायची, एवढं मला कळतं. शाळा सातवीत सुटली. बाग ताईची होती, मी फक्त दोडके खायचो. मी बादली भरून आणली आणि सगळ्यांच्या डोक्यावर ओतली. घरभर पाणी झालं, पण त्यातला थेंबही कोणी घेतला नाही. मग माझं डोकं फिरलं. ताईचं म्हणावं असं एवढंच मागे उरलं होतं, आणि तेही माझ्या डोळ्यांदेखत वाळत होतं. मी लिंबाला मिठी मारली आणि फरफटत परसात नेलं. मागच्या दाराला कडी लावून वळलो, तर ते पुढच्या दाराने येऊन आपल्या जागेवर बसलं होतं. त्याचं एक मूळ माझ्या मुठीत राहिलं होतं.

"अरे महिपा, भेटायला आलेल्याला असं ओढून बाहेर काढतात का?" मावशी ओरडली. "आणि डोक्यावर पाणी ओतायला त्या काय म्हशी आहेत? झाडाला पाणी बुडाशी घालावं, तेही सकाळी."

"मग जात का नाहीत ती? मरायचंय का त्यांना पण?"

मावशीने केरसुणी घेतली आणि ती घरभरचं पाणी बाहेर लोटायला लागली.

दुपारनंतर नगरपालिकेच्या उद्यान खात्याचे कुरणेसाहेब आले. चपला काढून, झाडांना नमस्कार करून ते सतरंजीच्या कडेला बसले.

"भेटीला आलीत की मुक्कामाला?" त्यांनी हळू आवाजात मला विचारलं.

"भेटीला."

"मग उठली का नाहीत?"

"मला काय माहीत? तुम्हीच विचारा."

"तसं विचारता येत नाही. दुःखाच्या घरी आलेल्याला कधी उठणार म्हणून विचारायचं नाही, असा खात्याचा नियम आहे. पण मुळं उघडी आहेत. उद्या संध्याकाळपर्यंत ती मातीत गेली नाहीत, तर मला सगळी उचलून सरकारी बागेत न्यावी लागतील."

"ताईची झाडं आहेत ती!"

"म्हणूनच आज सांगायला आलो. त्यांची घरं बघितलीस का?"

"कसली घरं?"

ते मला परसात घेऊन गेले. लिंबाला ओढत आणलं तेव्हा मी खाली पाहिलंच नव्हतं. झाडं उठून आल्यावर मागचे खड्डे ढासळून बुजले होते आणि उन्हाने माती विटेसारखी झाली होती. साहेबांनी टाच आपटून पाहिली.

"यांना जायला जागाच नाही," ते म्हणाले. "तू हाकलत होतास कुठं?"

मी कुदळ घेतली आणि घाव घालत सुटलो. मावशी कुंपणावरून बघत होती.

"खड्डा करतोयस की विहीर? ढेकळं फोड आधी. तळाला विटांचे तुकडे टाक, पाणी साचलं की मुळं कुजतात. शेणखत जुनं घे. ताजं घालशील तर मुळं भाजतील."

पहिला खड्डा भिंतीलगत झाला. तेव्हा घरातून टोमॅटो बाहेर आला. त्याने उंबरा ओलांडला, खड्ड्याच्या काठाशी थांबला, एक मूळ आत घालून पाहिलं आणि परत घरात जाऊन बसला.

"आता काय झालं?" मी विचारलं.

"भिंतीची सावली," साहेब म्हणाले. "टोमॅटोला दिवसभर ऊन लागतं."

मी मोकळ्यावर दुसरा खड्डा केला. टोमॅटो पुन्हा आला. या वेळी तो हळूहळू आत उतरला, मुळं एकेक करून पसरली आणि त्याने अंग सैल सोडलं. माझ्या हातातली कुदळ कधी गळाली ते मला कळलं नाही. मी आयुष्यात इतकं शांतपणे कोणाला बसताना पाहिलं नव्हतं. मी माती सारली, हलक्या हाताने दाबली आणि ओलं पोतं वर सावलीला धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून सगळी येत राहिली. वांग्यांनी दोघांत हातभर अंतर मागितलं. दोडका मांडव झाल्याशिवाय खुंटी सोडेना. मी बांबू उभे करून सुतळी बांधली, तेव्हा त्याने प्रत्येक गाठ तपासली. गाठींत काही खोट निघाली नाही. कढीपत्ता आला. मग लिंबू आलं आणि माझ्यासमोर थांबून राहिलं. मावशीने हळद दिली. मी ती त्याच्या तुटलेल्या मुळाला लावली. त्याने लावू दिली.

संध्याकाळ झाली. मोगरा पलंगाच्या पायाशी तसाच होता. त्याच्यासाठी मी सगळ्यात चांगला खड्डा केला होता. मुदतीप्रमाणे आलेले कुरणेसाहेब बाहेरचं उतरलेलं ऊन बघून म्हणाले, "हा एक राहिला. न्यावा लागेल."

मी दारात आडवा उभा राहिलो. "हात तर लावून बघा."

"महिपा, दम धर," मावशी म्हणाली. ती आत जाऊन मोगऱ्याजवळ वाकली, मग पदर सावरत उठली. "साहेब, हा भेटीला आलेला नाहीच. हा सोबतीला राहिलाय. पोरगं एकटं आहे घरात."

कुरणेसाहेबांनी विचार केला. सगळी उठून गेली तरी अशा घरी कोणी एक मागे राहतो, हे त्यांनाही मान्य होतं.

"सोबतीची तरतूद आहे," ते म्हणाले. "पण मुळं उघडी चालणार नाहीत. कुंडी पाहिजे, बुडाला भोक पाहिजे. खिडकीत ठेवायची, सकाळचं ऊन येईल अशी. फुलं येऊन गेली की फांद्या छाटायच्या."

"आणि राहील किती दिवस?"

"ते मी कसं सांगू? तुमचं तुम्ही बघा."

कुंडी नव्हती. मी तेलाच्या रिकाम्या डब्याला खिळ्याने भोकं पाडली, माती भरली. मोगरा स्वतःच आत उतरला.

सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून मावशीने पिठलं-भाकरी आणि पाण्याचा तांब्या आणला. माझ्यापुढे ताट ठेवलं, मोगऱ्याच्या बुडाशी पाणी घातलं. ताई गेल्यापासून मला घास उतरत नव्हता. मी ताटाकडे बघत राहिलो. डब्यातलं पाणीही मातीवर तसंच उभं राहिलं, आत जाईना.

"बसा आता दोघं एकमेकांकडं बघत," मावशी म्हणाली.

मी भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला. पाणी हळूहळू मातीत उतरायला लागलं.